रस काळवंडतो, थर धरतो, कडू होतो, फसफसतो: दोष नेमका कुठे आहे?

फळांचा रस काढून ठेवला की बिघडतो, ही तक्रार जुनीच. तिच्यावरचे उपायही ठरलेले: लिंबू पिळा, साखर वाढवा, फ्रिजमध्ये ठेवा. कधी ते लागू पडतात, कधी अजिबात नाही, आणि मग माणूस फळाला, मिक्सरला किंवा फ्रिजला बोल लावतो. गोची अशी आहे की रस बिघडण्याचे पाच-सहा तरी प्रकार आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. सफरचंदाच्या ताज्या रसाला वाचवणारं क जीवनसत्त्व महिनोन्‌महिने साठवलेल्या संत्र्याच्या रसाला उलट काळपट करतं. तेव्हा उपायाआधी बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ओळखायला हवं.

आधी घड्याळ बघा

शाळेतली कसोटी सगळ्यांच्या डोक्यात पक्की असते: बदल उलटवता आला तर भौतिक, नाही तर रासायनिक. परीक्षेपुरतं हे ठीक आहे, स्वयंपाकघरात ते फसवतं. संत्र्याच्या रसाचा तळाला बसलेला थर बाटली हलवली की मिसळतो, म्हणून तो बदल भौतिक वाटतो. पण बऱ्याचदा त्याच्या मुळाशी रासायनिक क्रिया असते. उलट चॉकलेटवर आलेली पांढरी झाक निव्वळ भौतिक असते, तरी ती हलवून किंवा पुसून मूळ चॉकलेट परत मिळत नाही.

त्यापेक्षा कामाचा प्रश्न म्हणजे बदल किती वेळात दिसला. मिनिटांत रंग बदलला तर ते फळातल्याच एन्झाइमचं काम. काही तासांत चव फिरली किंवा थर धरला तरीही करणारे फळातलेच, फक्त संथ. दोन-चार दिवसांत बुडबुडे, आंबूस वास किंवा पृष्ठभागावर पातळ पापुद्रा आला तर बाहेरून शिरलेले सूक्ष्मजीव. आणि न उघडलेल्या सीलबंद बाटलीतल्या रसाचा रंग काही महिन्यांनी गडद झाला तर त्यात बहुधा ना एन्झाइम असतं ना जीवजंतू. रसातले पदार्थ आपापसातच हळूहळू बदलत असतात. अपवाद निघतात, पण दहातल्या आठ तक्रारी एवढ्यावर सुटतात असं माझं मत आहे.

फ्रिजबद्दलही इथेच सांगून टाकतो. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. २५ अंशांवरून ५ अंशांवर आणलं तर वेग चौथाईवर येतो. म्हणजे तासाभरात होणारा बिघाड चार तासांत होईल. फ्रिज बिघाड लांबवतो, थांबवत नाही. फ्रीझरसुद्धा एन्झाइम मारत नाही. उलट बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात आणि गोठवलेलं सफरचंद बाहेर काढल्यावर ताज्यापेक्षा लवकर काळवंडतं.

काही मिनिटांत तपकिरी

सफरचंद, पेअर, केळं, पीच, बटाटा, वांगं ही सगळी या गटातली. यांच्या पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. रिक्तिकेत फिनॉल वर्गातले पदार्थ असतात आणि लवकांमध्ये पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं, रेणूत तांबं असलेलं एन्झाइम. कप्पे शाबूत असेपर्यंत त्यांची गाठ पडत नाही. सुरी किंवा मिक्सरचं पातं फिरलं की दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि फिनॉलचे क्विनोन बनतात. हे क्विनोन फारसे रंगीत नसतात, पण ते एकमेकांना जोडले जाऊन मेलॅनिनसारखे तपकिरी, मोठे रेणू तयार होतात. संत्रं किंवा लिंबू कापून ठेवलं तर असं होत नाही, कारण त्यांत आम्लता आणि क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि हे एन्झाइम कमी.

क जीवनसत्त्व नेमकं काय करतं हे कळलं की अर्धी अडचण सुटते. ते एन्झाइमला रोखत नाही. बनलेल्या क्विनोनला परत फिनॉलमध्ये फिरवतं आणि त्यात स्वतः खर्च होतं. संपलं की काळवंडणं सुरू. म्हणूनच ‘लिंबू घातलं होतं, दोन तास रंग छान होता, मग अचानक काळा पडला’ ही तक्रार अगदी खरी असते. दुसरी गोष्ट, क्विनोन परत फिरतात, पण एकदा बनलेले तपकिरी रेणू परत फिरत नाहीत. त्यामुळे रस गाळून झाल्यावर वरून लिंबू पिळणाऱ्यांना उशीर झालेला असतो. लिंबू किंवा जीवनसत्त्व मिक्सरच्या भांड्यात आधी, फोडी त्यानंतर.

मग लिंबाचा उपयोग नेमका कशाचा? प्रामुख्याने आम्लतेचा. या एन्झाइमला ५ ते ७ सामू, म्हणजे पीएच, मानवतो आणि ३ च्या खाली ते जवळजवळ गप्प होतं. सफरचंदाच्या रसाचा सामू साधारण ३.३ ते ४ असतो, लिंबाचा २ ते २.६. शिवाय लिंबातलं सायट्रिक आम्ल एन्झाइममधल्या तांब्याला पकडून ठेवतं. क जीवनसत्त्व मात्र त्यात वाटतं तितकं नसतं: १०० मिलिलिटर लिंबूरसात सुमारे ४० ते ५० मिलिग्रॅम. दोन मोठे चमचे लिंबूरस घातला तर लिटरभर रसाला जेमतेम १५ मिलिग्रॅम मिळतं. रंग दिवसभर टिकवायचाच असेल तर खाण्यायोग्य प्रतीची क जीवनसत्त्वाची पूड लिटरला अर्धा ग्रॅम घालावी. ती लिंबापेक्षा कितीतरी जास्त काम करते आणि चवही फारशी बदलत नाही.

आता हवेकडे. हा भाग लोक सर्रास विसरतात. साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. रसात त्याहून किंचित कमी. बाटलीच्या गळ्याशी १०० मिलिलिटर जागा रिकामी ठेवली तर तिथल्या हवेत जवळपास २७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे अख्ख्या रसात आहे त्याच्या तिपटीहून जास्त. अर्धी भरलेली मोठी बाटली फ्रिजमध्ये ठेवण्यापेक्षा काठोकाठ भरलेल्या दोन लहान बाटल्या केव्हाही बऱ्या. मिक्सर शेवटच्या वेगावर फिरवला की रसात हवा कोंबली जाते. कमी वेगावर, कमी वेळ फिरवा. आणि तांब्या-लोखंडाच्या भांड्यात रस ठेवू नका. या धातूंचे सूक्ष्म अंशसुद्धा क जीवनसत्त्व झपाट्याने संपवतात, आणि लोखंड तर फळातल्या टॅनिनशी मिळून काळा-निळसर रंग देतं. काच किंवा चांगलं स्टील वापरा.

याउपर रस काळाच पडत असेल तर उष्णता. फोडींना एक-दोन मिनिटं वाफ देऊन मग रस काढला, किंवा रस काढल्याबरोबर ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवला, तर एन्झाइम निकामी होतं. ताज्या फळाचा वास थोडा जातो. ती किंमत चुकत नाही. मिठाच्या पाण्यात फोडी बुडवण्याचा उपायही खरा आहे, कारण क्लोराइड या एन्झाइमला अडवतं. पण रसाला तो कुणी करू नये.

वर पाणी, खाली चोथा

थर बसण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही पहिल्या नजरेला सारखेच दिसतात. पहिला साधा: गराचे कण जड, म्हणून खाली बसतात. स्टोक्सच्या नियमानुसार कण बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण निम्म्या आकाराचा केला तर तो चौपट सावकाश बसतो. इथे उपाय म्हणजे जास्त बारीक वाटणं किंवा बारीक गाळणी. नाही तर सरळ बाटली हलवून प्यावं. यात बिघडलेलं काहीच नाही.

दुसरा प्रकार संत्र्याच्या आणि टोमॅटोच्या रसात छळतो. तिथे पेक्टिनवर, म्हणजे फळाच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थावर, एक एन्झाइम काम करतं, पेक्टिन मिथाइलएस्टरेज. ते पेक्टिनच्या साखळीवरचे मिथाइल गट तोडतं. उघड्या पडलेल्या जागांना रसातलं कॅल्शियम जोडतं आणि शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जाऊन गुठळ्यांसारख्या खाली येतात. ज्या बारीक कणांमुळे रसाला दुधाळ गढूळपणा होता, तेही त्यांच्यासोबत ओढले जातात. ओळखायचं कसं? बाटली हलवून रस पेल्यात ओता आणि पेला अर्धा-पाऊण तास तसाच ठेवा. वरचा भाग गढूळच राहिला आणि तळाला थोडा चोथा आला तर पहिला प्रकार. वरचा भाग पाण्यासारखा निवळला आणि खाली विस्कटलेले पुंजके दिसले तर दुसरा.

दुसऱ्यावर फ्रिजचा उपयोग थोडाच. उष्णता लागते आणि तीही बऱ्यापैकी. बहुतेक रोगजंतू ७० अंशांच्या पुढे मरतात, पण हे एन्झाइम पुरतं निकामी करायला ९० अंशांच्या आसपास जावं लागतं. ‘तापवून थंड करून ठेवला, तरी थर धरला’ असं म्हणणाऱ्यांनी बहुधा ७० लाच आच बंद केलेली असते.

टोमॅटोच्या बाबतीत क्रम बदलला की पुरतं. सगळे टोमॅटो चिरून, वाटून, मग निवांत गॅसवर चढवले तर तेवढ्या वेळात एन्झाइमं आपलं काम उरकतात आणि रस पाणचट होतो. भांडं आधी तापत ठेवा, त्यात थोड्या फोडी टाका, त्या खळखळ उकळायला लागल्या की उरलेल्या थोड्या-थोड्या चिरून लगेच घालत जा, उकळी मोडू देऊ नका. मोठे कारखानेही दाट रसासाठी हेच करतात: चिरडल्याबरोबर ९० अंशांच्या वर. आणि ज्यांना सफरचंदाचा रस काचेसारखा पारदर्शक हवा असतो ते नेमकं उलट करतात, पेक्टिन तोडणारी एन्झाइमं बाहेरून घालून गढूळपणा मुद्दाम पाडतात. एकाचा बिघाड तो दुसऱ्याचा धंदा.

वर येणारा फेस मात्र मनावर घेऊ नका. प्रथिनं आणि पेक्टिन हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, एवढंच. दहा मिनिटांत बसतो.

काढला तेव्हा गोड, संध्याकाळी कडू

ही तक्रार हमखास संत्र्याची, त्यातही नेव्हल जातीची. फळाच्या पापुद्र्यांत आणि पांढऱ्या सालीत लिमोनिनचं एक कडू नसलेलं पूर्वरूप असतं. रस काढताना ते आम्लाच्या संपर्कात येतं आणि काही तासांत त्याचं कडू लिमोनिन बनतं. रस तापवला तर आणखी लवकर. लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम लिमोनिन झालं तरी पुष्कळांच्या जिभेला कळतं, म्हणून थोडासाही पापुद्रा महागात पडतो.

इथे साखर वाढवणं म्हणजे लपवाछपवी. लिमोनिन एकदा बनलं की घरी ते काढण्याचा सोपा मार्ग नाही. फार तर दुसऱ्या गोड रसात मिसळून पातळ करता येतं. टाळायचं असेल तर संत्रं मिक्सरला लावू नका. अर्धं कापून हलक्या हाताने पिळा, बिया चिरडू देऊ नका, चोथा रसात भिजत न ठेवता लगेच गाळा. आणि नेव्हल संत्र्याचा रस साठवायचा बेतच करू नका. ते फळ सोलून खायला उत्तम.

पहिल्या घोटालाच कडू लागला तर कारण दुसरं. ग्रेपफ्रूट असेल तर त्यातलं नॅरिंजिन मुळातच कडू असतं. संत्र्यात बहुधा सालीचं तेल जोर देऊन पिळल्याने उतरलेलं असतं.

बुडबुडे, फुगलेलं झाकण, दारूसारखा वास

हे किण्वन. फळाच्या सालीवर, भांड्यांवर, हवेत यीस्ट असतंच. ते ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू करतं. हे निव्वळ रसायन नाही, जिवंत पेशींचं काम आहे, हे १८५७ पासूनच्या प्रयोगांत लुई पाश्चर यांनी दाखवून दिलं.

धोका वासापेक्षा दाबाचा मोठा आहे, त्यासाठी थोडा हिशेब. बहुतेक गोड रसांत लिटरला सुमारे १०० ग्रॅम साखर असते. एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर पाव लिटरपेक्षा थोडा जास्त वायू निघतो. म्हणजे लिटरभर रसातली फक्त दहावा हिस्सा साखर जरी आंबली, तरी अडीच लिटरच्या वर वायू एका बंद बाटलीत कोंडला जातो. काचेची बाटली फुटायला एवढं पुरे. झाकण फुगलेलं दिसलं तर बाटली आधी गार करा, वर जाड कापड टाका, तोंड स्वतःपासून दूर धरून मोरीत सावकाश उघडा आणि रस ओतून द्या. उकळून वापरायचा मोह नको. यीस्ट मरेल, पण त्याच्यासोबत आणखी काय वाढलं आणि काय सोडून गेलं हे उकळण्याने मिटत नाही.

साखर वाढवली तर टिकेल ही समजूत इथेच सर्वांत जास्त नडते. १० टक्के साखरेचा रस १५ टक्के केला तर यीस्टला जास्त खाऊ मिळतो, इतकंच. साखर टिकाऊपणा देते ती पाकासारख्या दाट प्रमाणात, ६५ टक्क्यांच्या आसपास, कारण तिथे सूक्ष्मजीवांना वापरता येईल असं पाणीच उरत नाही. मध टिकतो तो याच कारणाने, आणि पाणी जास्त राहिलेला मध आंबतो तोही याच कारणाने.

वासावरून आणखी थोडं कळतं. व्हिनेगरसारखा वास म्हणजे ॲसिटिक आम्ल बनवणारे जिवाणू. त्यांना हवा लागते, म्हणजे झाकण सैल होतं. सफरचंदाच्या किंवा संत्र्याच्या रसाला बुडबुडे नाहीत, पण दवाखान्यातल्या औषधासारखा वास, तर ॲलिसायक्लोबॅसिलस नावाचे जिवाणू असण्याची शक्यता. त्यांचे बीजाणू साध्या पाश्चरीकरणातून वाचतात आणि नंतर ग्वायकॉल तयार करतात. त्याने आजार होत नाही, पण तो रस पिववतही नाही.

बंद बाटलीत, काही महिन्यांनी

इथे क जीवनसत्त्व पुन्हा येतं, या वेळी आरोपी म्हणून. संत्र्या-लिंबाच्या साठवलेल्या रसात ते हळूहळू मोडतं आणि त्याच्या तुकड्यांपासून तपकिरी पदार्थ बनतात. त्याला साखर आणि अमिनो आम्लांच्या मायार्ड क्रियेची जोड मिळते. ब्रेडच्या कवचाला रंग आणि वास देणारी हीच क्रिया. लुई-कामिय मायार्ड यांनी १९१२ साली ती पहिल्यांदा मांडली. तव्यावर ती मिनिटांत होते, बाटलीत महिन्यांत. इथे आणखी क जीवनसत्त्व घालणं म्हणजे सरपण वाढवणं. उपाय एकच, साठवण थंड आणि अंधारी ठेवायची. रस तापवून भरला असेल तर भरल्यावर लगेच गार करा. गरम बाटल्या रात्रभर एकमेकींना चिकटून ठेवल्या तर मधल्या बाटल्यांचा रंग सर्वांत आधी जातो.

दूध आणि फळ

दूध ओतल्याबरोबर फाटलं तर आम्लता. दुधाचा सामू ६.७ च्या आसपास असतो, तो ४.६ पर्यंत घसरला की केसीन हे प्रथिन साकळतं. दूध गरम असेल तर त्याच्या बऱ्याच आधी. म्हणून कालचं दूध चवीला ठीक लागतं, पण उकळताना नासतं: किंचित आंबट झालेलं असतं, उरलेलं काम उष्णता करते. आंबट फळ वापरायचंच असेल तर दूध आणि फळ दोन्ही थंड हवं आणि लगेच प्यायला हवं.

मिश्रण आधी छान होतं आणि अर्ध्या तासाने कडवट, गुठळ्यांचं झालं, तर फळ बहुधा किवी, अननस किंवा पपई असतं. यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइमं आहेत, अनुक्रमे ॲक्टिनिडिन, ब्रोमेलेन आणि पपेन. दुधातल्या प्रथिनांचे जे बारीक तुकडे होतात त्यांतले काही चवीला कडू असतात. फोडी आधी शिजवून गार करून घ्या. जिलेटिनची जेली ताज्या अननसाबरोबर न जमण्याचं कारणही हेच. डबाबंद अननसाबरोबर ती जमते, कारण डब्यात भरताना तो तापवलेला असतो.

रंग भलताच आला

लाल द्राक्षाचा किंवा जांभळ्या कोबीचा रस निळा-हिरवा झाला तर त्यात कुठून तरी अल्कली आली: खायचा सोडा, साबणाचा अंश, जड पाणी. अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल, उदासीनतेच्या आसपास जांभळं आणि अल्कलीत निळं-हिरवं दिसतं. लिंबाचे चार थेंब टाकले की रंग परत येतो. साबणाचा संशय असेल तर अर्थातच रस फेकावा.

लसूण लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये हिरवा-निळा पडला की लोक घाबरतात. चिरलेल्या लसणातली गंधकयुक्त संयुगं आणि अमिनो आम्लं मिळून हे रंग बनतात. निर्धोक आहे. तसंच उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवतीचं हिरवट कडं: पांढऱ्यातला हायड्रोजन सल्फाइड आणि बलकातलं लोह यांचं आयर्न सल्फाइड. कमी वेळ उकडा, लगेच गार पाण्यात टाका. हिरव्या भाज्या शिजवताना मळकट होतात, कारण हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटतं. सोडा टाकला तर रंग टिकतो, भाजी मात्र लिबलिबीत होते आणि काही जीवनसत्त्वंही जातात. माझ्या मते हा सौदा तोट्याचा.

फ्रिजमुळेच होणारे बिघाड

ब्रेड कडक होतो तो सुकल्यामुळे, असं आपण धरून चालतो. बूसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवलं की पाणी उडू दिलं नाही तरी ब्रेड शिळा होतो. भाजताना विस्कटलेले स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत बसून स्फटिकरूप घेतात, आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वांत जोरात चालते. दोन दिवसांत संपणारा ब्रेड बाहेर ठेवा, जास्त असेल तर सरळ फ्रीझरमध्ये. कडक झालेला ६० अंशांच्या वर तापवला की पुन्हा मऊ होतो. गरम असतानाच खा, गार झाल्यावर पुन्हा आखडतो.

बटाट्याचंही तसंच. फार थंडीत त्याच्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तुकडे आत शिजायच्या आधी बाहेरून काळे पडतात. अशा तळणात ॲक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं संयुगही जास्त बनतं. पदार्थ तळता-भाजताना ते तयार होतं हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये उघड केलं. बटाटे फ्रिजबाहेर, अंधारात, हवेशीर जागी.

मधाचे रवे होणं हा बिघाडच नाही. त्यातलं ग्लुकोज विरघळण्याच्या मर्यादेपलीकडचं असतं, ते थंडीत स्फटिक होऊन बाहेर पडतं. बरणी ४० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका. चॉकलेटवरची पांढरी झाक बोटाने घासा. तुपकट होऊन विरघळली तर कोको बटरचे स्फटिक वर आलेत, म्हणजे चॉकलेटला कधी तरी गरमी लागली. खरखरीत राहिली तर साखर आहे; फ्रिजमधून काढल्यावर त्यावर दव धरलं होतं. दोन्ही खाता येतात. पुढच्या वेळी हवाबंद डब्यात ठेवा आणि डबा बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

जे दिसत नाही

आतापर्यंतचे बहुतेक बिघाड डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला कळणारे होते आणि त्यांतले कितीतरी निरुपद्रवी. खरे घातक प्रकार अनेकदा काहीच खूण दाखवत नाहीत.

आंबट रसात जंतू जगत नाहीत, हे खरं नाही. १९९६ साली अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूची साथ पसरली आणि त्यात एक बाळ दगावलं. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी किंवा आजारी माणसं घरात असतील आणि रस लगेच संपणार नसेल, तर तो वाफाळेपर्यंत तापवून गार करावा, हे मी आग्रहाने सांगेन.

गाजराचा रस तर आंबटही नसतो. त्याचा सामू ६ च्या आसपास. ४.६ च्या वरच्या सामूला, हवाबंद बाटलीत, थंडाव्याशिवाय, मातीतून आलेल्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमच्या बीजाणूंना विष तयार करता येतं, आणि साधं पाश्चरीकरण त्या बीजाणूंना मारत नाही. २००६ मध्ये अमेरिका आणि कॅनडात थंड न ठेवलेल्या गाजराच्या रसातून माणसांना पक्षाघाताचा बॉट्युलिझम झाला तो असाच. गाजर, बीट, काकडी यांचे रस ५ अंशांच्या खालीच ठेवा, दोन दिवसांत संपवा. बाहेर विसरलेली बाटली वास घेऊन किंवा चाखून तपासू नका, फेकून द्या.

शेवटचं सडलेल्या सफरचंदाबद्दल. डागाळलेली, मऊ पडलेली फळं रसात खपवण्याची सवय सर्रास आहे. आपटून मऊ झालेलं फळ चालतं. बुरशी लागलेलं नाही. निळसर बुरशी, पेनिसिलियम एक्स्पान्सम, पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. ते सडलेल्या भागाच्या बाहेरही थोडं पसरतं आणि रस तापवला तरी बरंचसं टिकून राहतं. म्हणून सफरचंदाच्या रसात त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ५० मायक्रोग्रॅम इतकी कडक ठेवली आहे. घरी ते मोजायची सोय नाही, तेव्हा बुरशी लागलेलं सफरचंद रसाला घ्यायचंच नाही, सडका भाग कापून उरलेली फोडसुद्धा नाही.